‘चाललंय, साहेब’मागचे खरे उत्तर: कारखान्यातील समाधान कसे जाणून घ्यावे आणि कसे राखावे

नाशिकच्या अंबड किंवा सातपूर औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कारखान्याच्या गेटवर पहिल्या पाळीच्या वेळी उभे राहून आत येणाऱ्या ऑपरेटरला ‘काय, कसं चाललंय?’ असे विचारले, तर ‘चाललंय, साहेब’ याखेरीज दुसरे उत्तर सहसा मिळत नाही. ज्याला आपले काम मनापासून आवडते तोही हेच म्हणतो आणि ज्याने कालच शेजारच्या कंपनीत मुलाखत दिली आहे तोही हेच म्हणतो. मनुष्यबळ विभागात अनेक वर्षे काम करताना या उत्तराचा अर्थ लावायला मला शिकावे लागले आणि ते शिकताना बऱ्याच चुकाही झाल्या. साधारण पन्नास ते तीनशे माणसांच्या कारखान्यात आस्थापना, उत्पादन किंवा एखादा विभाग सांभाळणाऱ्यांनी आपल्या माणसांचे कामातील समाधान कसे जाणून घ्यावे, मिळालेली उत्तरे कशी वाचावीत आणि त्यानंतर काय करावे, हे सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे. माझा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे: जेवढे दुरुस्त करण्याची आपली तयारी आहे तेवढेच विचारावे आणि विचारलेल्याचे काय झाले, ते ठरलेल्या दिवशी परत जाऊन सांगावे.

हा भर कोठून आला, तेही सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका इंजिनिअरिंग कारखान्यात मी पहिली प्रश्नावली काढली होती. प्रश्न चाळीस होते, भाषा जड होती आणि कोण भरत नाही हे कळावे म्हणून फॉर्मच्या वरच्या कोपऱ्यात प्रत्येकाला टोकन नंबर, म्हणजे कामगाराचा ओळख क्रमांक, लिहायला लावला होता. साहजिकच जवळजवळ सर्वांनी सगळीकडे ‘समाधानी’वर खूण केली. जी थोडी माणसे मोकळेपणाने लिहून गेली होती, त्यांचे फॉर्म माझ्या कपाटात आठ महिने पडून राहिले, कारण त्यांचे काय करायचे हे मी कोणाशीच आधी ठरवलेले नव्हते. पुढच्या वर्षी प्रश्नावली पुन्हा काढली, तेव्हा एका जुन्या फिटरने फॉर्म हातात घेऊन ‘मागच्याचं काय झालं?’ एवढेच विचारले. माझ्याकडे उत्तर नव्हते. त्या दिवसापासून मी कामाचा क्रम बदलला आणि खाली तोच क्रम मांडत आहे.

आधी मालकाशी किंवा प्लँट हेडशी बोलावे

कामगारांना एकही प्रश्न विचारण्यापूर्वी ज्याच्या सहीने पैसे खर्च होतात त्याच्यासमोर बसावे आणि दोन गोष्टी लिहून घ्याव्यात. पहिली गोष्ट म्हणजे येत्या सहा महिन्यांत लहान दुरुस्त्यांसाठी किती रक्कम आपल्या अखत्यारीत राहील. ती थोडी असली तरी चालेल, पण प्रत्येक पंख्यासाठी नव्याने मंजुरी मागावी लागता कामा नये. दुसरी गोष्ट म्हणजे कोणत्या विषयावर या वर्षी काहीही करता येणार नाही. वेतनाचा करार दोन वर्षांनी व्हायचा असेल, तर ‘पगार पुरेसा वाटतो का?’ हा प्रश्न आता विचारून अपेक्षा वाढवण्यात अर्थ नाही. त्याऐवजी पगाराची चिठ्ठी समजते का, ओव्हरटाइमचा हिशेब पटतो का, हे विचारावे, कारण त्यावर आपण लगेच काम करू शकतो.

मालकाला याच बैठकीत एक गोष्ट स्पष्ट सांगावी. समाधानी माणूस आपोआप दुप्पट काम करतो, अशी समजूत असेल तर ती काढून टाकावी. संशोधक टिमथी जज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये शेकडो अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा कामातील समाधान आणि कामगिरी यांचा सहसंबंध ०.३० च्या आसपास निघाला (शून्य म्हणजे काहीच संबंध नाही, एक म्हणजे पूर्ण संबंध). हा संबंध खरा आहे आणि दखल घेण्याजोगाही आहे, पण तो काही जादूची कांडी नव्हे. उत्पादनाच्या आकड्यापेक्षा आधी फरक दिसतो तो माणसे टिकण्यात आणि न सांगता होणाऱ्या खाड्यांमध्ये. मालकाने उद्याच्या टार्गेटसाठी हा उपक्रम मंजूर केला, तर दोन महिन्यांत त्याचा विश्वास उडेल, म्हणून हे बोलणे टाळू नये.

हजेरीपट आणि राजीनामे आधी वाचावेत

पुष्कळशी उत्तरे आपल्या कपाटात आधीच असतात. मागील बारा महिन्यांचा हजेरीपट घेऊन गैरहजेरी विभागवार, पाळीवार आणि सुपरवायझरवार मांडावी. एकाच प्रकारची मशीन आणि एकाच दर्जाचा पगार असलेल्या दोन लाईनींपैकी एकीवर खाडे दुप्पट असतील, तर कारण पगारात शोधू नये.

सोडून गेलेल्यांचीही अशीच मांडणी करावी. समजा, सरासरी १२० माणसांच्या कारखान्यातून वर्षभरात ३० जण गेले, म्हणजे गळतीचे प्रमाण २५ टक्के झाले. एवढ्यावर थांबलो, तर ‘हल्लीची पोरं टिकत नाहीत’ या नेहमीच्या निष्कर्षापर्यंतच पोहोचतो. पण त्या ३० पैकी १८ जण पहिल्या तीन महिन्यांतच गेले असतील, तर दोष बहुधा भरतीच्या वेळी सांगितलेल्या गोष्टींत किंवा पहिल्या आठवड्यातील वागणुकीत आहे, आणि तिथे पगारवाढ करून काही साधणार नाही. नव्या मुलाला पहिल्या दिवशी सेफ्टी शूज मिळाले का, त्याला जेवायला कोणी सोबत नेले का, त्याचे मशीन त्याला कोणी समजावून दिले, हे त्या लाईनवर जाऊन पाहावे.

नाशिकमध्ये हजेरीपट वाचताना शेतीचे वेळापत्रक शेजारी ठेवणे मला अत्यावश्यक वाटते. दिंडोरी, निफाडकडून येणाऱ्या अनेकांच्या घरी द्राक्षबाग असते; एप्रिलची खरडछाटणी, ऑक्टोबरची छाटणी, त्यानंतरचे डिपिंग (घड औषधाच्या द्रावणात बुडवणे) आणि जानेवारीपासून सुरू होणारी काढणी या काळात घरातील एक जोडी हातही कमी पडून चालत नाही. त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, पेठकडच्या मुलांना पावसाळ्यात भाताच्या आवणीसाठी, म्हणजे रोपांच्या लावणीसाठी, गावी जावे लागते. तिसऱ्या श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला जाणारे आणि सप्तशृंगगडाच्या यात्रेसाठी रजा मागणारे वेगळेच. या रजा दरवर्षी त्याच आठवड्यांत येतात, तरीही दरवर्षी त्यांना ‘अचानक’ म्हटले जाते आणि रजेची चिठ्ठी घेऊन आलेल्या माणसाला ऐकून घ्यावे लागते. वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येकाकडून अंदाजे तारखा लिहून घेतल्या आणि दोघांनी एकमेकांच्या जागी उभे राहण्याची सोय केली, तर असंतोषाचे एक मोठे कारण पैसा न लागता दूर होते. २०२७ च्या सिंहस्थाच्या पर्वकाळात शहरातील वाहतूक बदलणार, हेही आत्ताच धरून चालावे आणि पाळ्यांच्या वेळा त्या आठवड्यांपुरत्या कशा ठेवायच्या, हे माणसांना विचारूनच ठरवावे.

मग बोलावे, पण केबिनमध्ये नव्हे

शिकागोजवळच्या हॉथॉर्न येथील वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात झालेले प्रयोग व्यवस्थापनाच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतात. त्यांतील दिव्यांचा प्रकाश बदलून उत्पादनावर काय परिणाम होतो हे पाहणाऱ्या प्रयोगावर नंतर बराच वाद झाला. मला मात्र त्यातील मुलाखतींचा भाग अधिक उपयोगी वाटतो. तेथे वीस हजारांहून अधिक कामगारांशी बोलणे झाले. सुरुवातीला ठरावीक प्रश्न विचारले जात होते, पण माणसे त्या प्रश्नांच्या बाहेरचेच बोलत होती, म्हणून प्रश्न बाजूला ठेवून ती जे बोलतील ते ऐकून घेण्याची पद्धत सुरू झाली. आपणही हेच करावे.

पाच-सहा जणांचा गट घ्यावा, त्यात त्यांचा सुपरवायझर नसावा आणि जागा कॅन्टीनचा कोपरा किंवा झाडाखालचा कट्टा असावा. केबिनमध्ये बोलावले की माणूस टोपी काढून उभा राहतो आणि ‘चाललंय’वर येऊन थांबतो. प्रश्न घटनेविषयी असावा. ‘तुम्ही समाधानी आहात का?’ या प्रश्नाला आपल्याकडे सभ्यतेचे एकच उत्तर असते, पण ‘गेल्या महिन्यात कोणत्या दिवशी घरी जाताना डोके तापले होते?’ किंवा ‘कोणते काम झाल्यावर बरे वाटले?’ असे विचारले, तर माणूस दिवस, मशीन आणि नाव घेऊन सांगू लागतो. दुसरा उपयुक्त प्रश्न म्हणजे ‘तुमच्या धाकट्या भावाला इथे लावाल का?’ यावर क्षणभर थांबून दिलेले ‘बघू’ हे ‘नाही’च असते आणि ते तसेच लिहून घ्यावे.

अशाच एका गटात मला पाण्याची गोष्ट कळली. प्रेस शॉपच्या मुलांनी ‘दुसऱ्या पाळीत पाणी गरम येतं’ असे सांगितले होते आणि मेंटेनन्सने कूलर तपासून ‘चालू आहे’ असा शेरा दिला होता. एप्रिलमधील एका दुपारी मी चहाच्या सुट्टीत कूलरपाशी जाऊन उभा राहिलो. भोंगा झाला आणि दहा मिनिटांच्या सुट्टीत साठ माणसे दोन नळांपुढे रांगेला लागली. साखळीने बांधलेले स्टीलचे दोन पेले हातोहात फिरत होते. पहिल्या वीसेक जणांना गार पाणी मिळाले, पुढच्यांना कोमट, आणि शेवटच्या मुलाने अर्धा पेला तोंडावर मारून उरलेले पाणी गटारात ओतले, तेव्हा पुन्हा भोंगा झाला होता. कूलर बिघडलेला नव्हताच. टाकीत मावणारे गार पाणी तेवढ्या माणसांना एकदम पुरत नव्हते. चहाची सुट्टी दोन तुकड्यांत, पंधरा मिनिटांच्या अंतराने देण्यास सुरुवात केली आणि पेले वाढवले. त्या आठवड्यात माझ्याशी स्वतःहून बोलायला येणाऱ्यांची संख्या वाढली. पाण्याबद्दल बोलून काही उपयोग होतो, हे त्यांना दिसले होते.

प्रश्नावली लहान, मराठीत आणि निनावी असावी

गटांशी बोलणे झाल्यावर प्रश्नावली काढावी, म्हणजे नेमके काय विचारायचे हे आपल्याला ठाऊक असते. तयार साधनांचा आधार जरूर घ्यावा. पॅट्रिशिया स्मिथ, लॉर्न केंडल आणि चार्ल्स हुलिन यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या जॉब डिस्क्रिप्टिव्ह इंडेक्समध्ये समाधानाचे पाच भाग धरलेले आहेत: प्रत्यक्ष काम, पगार, बढती, देखरेख आणि सहकारी. पॉल स्पेक्टर यांच्या १९८५ च्या सर्वेक्षणात नऊ भाग आणि ३६ विधाने आहेत. हे भाग विषयसूची म्हणून वापरावेत. विधाने मात्र आपल्या कारखान्याच्या भाषेत नव्याने लिहावीत, कारण ‘माझे पर्यवेक्षक माझ्या भावनांची दखल घेतात’ असे पुस्तकी भाषांतर शॉप फ्लोअरवर कोणाच्याही जिभेवर बसत नाही. ‘चूक झाली तर सुपरवायझर बाजूला घेऊन सांगतो’ हे विधान मात्र सर्वांना समजते.

बारा ते पंधरा विधाने पुरतात. मी साधारणपणे अशी विधाने ठेवतो: आज कोणते काम करायचे हे पाळीच्या सुरुवातीलाच कळते, कामाला लागणारी हत्यारे आणि गेज वेळेवर मिळतात, पगाराच्या चिठ्ठीतील प्रत्येक कपात मला समजते, रजा मागितल्यावर दोन दिवसांत हो किंवा नाही असे उत्तर मिळते, तक्रार केल्याचा राग पुढे काढला जात नाही, इथे राहून मला नवे काम शिकायला मिळते, कॅन्टीन आणि स्वच्छतागृह वापरण्याजोगे असते, चांगले काम केले तर कोणाच्या तरी लक्षात येते. प्रत्येक विधानापुढे पाच पर्याय द्यावेत. ‘सांगता येत नाही’ हा मधला पर्याय ठेवावा, परंतु एखाद्या विभागात तोच मोठ्या संख्येने निवडला गेला, तर तेथे भीती आहे की अनास्था, हे पुन्हा बोलून शोधावे. वाचण्याची सवय नसलेल्यांसाठी थिओडोर कुनिन यांनी १९५५ मध्ये सुचवलेली चेहऱ्यांची मोजपट्टी उत्तम चालते. हसऱ्यापासून रडव्यापर्यंतच्या चेहऱ्यांपैकी एकावर खूण करायची असते. परप्रांतातून आलेल्या मुलांसाठी हिंदी प्रत वेगळी ठेवावी.

निनावीपणाबाबत कोणतीही तडजोड करू नये. नाव, टोकन नंबर आणि जन्मतारीख विचारू नये. विभाग आणि पाळी एवढेच विचारावे. चार माणसांच्या विभागात तेवढ्यावरूनही माणूस ओळखू येतो, म्हणून दहापेक्षा कमी माणसांचे विभाग एकत्र करावेत आणि हा नियम फॉर्मवरच छापावा. फॉर्म कामाच्या वेळेत भरू द्यावेत, पेटीची किल्ली कामगारांच्या प्रतिनिधीकडे द्यावी आणि पेटी सर्वांसमोर उघडावी. मोबाईलवरचा फॉर्म सोयीचा असतो, पण त्यात आपला नंबर जातो अशी शंका अनेकांना येते आणि ती शंका खोडून काढण्यात शक्ती घालवण्यापेक्षा मी कागदच वापरतो.

आकडे वाचताना सरासरीवर विसंबू नये

पाच पर्यायांना १ (सर्वांत वाईट) ते ५ (सर्वांत चांगले) असे गुण धरले आणि चाळीस जणांच्या विभागाची सरासरी ३.५ आली, तर त्याचा अर्थ दोन प्रकारे निघू शकतो. वीस जणांनी ४ आणि वीस जणांनी ३ दिले असतील, तर विभाग बऱ्यापैकी शांत आहे. वीस जणांनी ५ आणि वीस जणांनी २ दिले असतील, तर एकाच छताखाली दोन कारखाने चालू आहेत. हा दुसरा प्रकार मी पाहिला आहे. एका लाईनवर कायम कामगार आणि कंत्राटी कामगार शेजारी शेजारी उभे होते, हातातील काम एकच होते, पण गणवेशाचा रंग वेगळा, कॅन्टीनमधील टेबल वेगळे आणि दिवाळीला मिळणारा डबाही वेगळा होता. वेतनातील फरक हा मोठा आणि गंभीर प्रश्न आहे, तो कायद्याच्या आणि कराराच्या मार्गाने सोडवावा लागतो. टेबल वेगळे ठेवण्याला मात्र कोणताच आधार नाही आणि ते त्याच दिवशी बंद करता येते. म्हणून प्रश्नावली कंत्राटी माणसांनाही द्यावी. ठेकेदाराची माणसे म्हणून त्यांना वगळले, तर सर्वांत जास्त असमाधान जिथे आहे तीच जागा झाकलेली राहते.

फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये पिट्सबर्ग परिसरातील सुमारे दोनशे इंजिनिअर आणि हिशेबनीस यांच्याशी बोलून काढलेला निष्कर्ष उत्तरे लावताना कामी येतो. त्यांच्या मते असमाधान निर्माण करणाऱ्या गोष्टी आणि समाधान देणाऱ्या गोष्टी वेगळ्या असतात. धोरणे, देखरेख, पगार, कामाची जागा यांत खोट असेल तर माणूस चिडतो, पण ती खोट काढल्याने त्याला काम आवडू लागतेच असे नाही. त्यासाठी काही जमल्याची जाणीव, दाद, जबाबदारी आणि पुढे जाण्याची संधी लागते. यश आले की माणूस श्रेय स्वतःकडे घेतो आणि अपयशाचा दोष परिस्थितीला देतो, त्यामुळे ही विभागणी तशी दिसते, असा आक्षेप या मांडणीवर घेतला गेला आहे आणि तो मला रास्त वाटतो. तरीही कामाचा क्रम ठरवताना ही मांडणी उपयोगी पडते: ज्या माणसाला नाईटला स्वच्छ मुतारी मिळत नाही, त्याच्यापुढे ‘महिन्याचा उत्कृष्ट कामगार’ असा फलक लावू नये.

पंधराव्या दिवशी फलकावर यादी लावावी

निकाल हाती आल्यापासून पंधरा दिवसांत नोटीस बोर्डावर एक पान लावावे आणि ते प्रत्येक पाळीत वाचून दाखवावे. त्यात तीन भाग असावेत. जे काम झाले आहे, ते तारखेसह लिहावे. जे होणार आहे, ते कोण करणार आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे नावासह लिहावे. जे या वर्षी होणार नाही, ते का होणार नाही हे सरळ लिहावे. तिसरा भाग लिहिताना सर्वांचा हात अडखळतो आणि पुष्कळदा तो गाळलाच जातो. माझा अनुभव असा आहे, की ‘पत्र्याचे छत या वर्षी बदलता येणार नाही, त्याऐवजी दोन एक्झॉस्ट पंखे १५ एप्रिलपर्यंत बसतील’ असे स्पष्ट लिहिले, तर माणसे ते मान्य करतात. गप्प राहिलो, तर मात्र सगळी यादीच खोटी ठरते.

ज्या गोष्टी कायद्याने द्यायच्याच आहेत, त्या ‘सुधारणा’ म्हणून मिरवू नयेत. जादा कामाला दुप्पट दर, वेळेवर पगार, वीस किंवा त्याहून अधिक कामगार असतील तर तक्रार निवारण समिती, दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर २०१३ च्या कायद्यानुसार महिलांच्या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती, या गोष्टी आपल्याकडे कागदावर आहेत की प्रत्यक्षात, हे आधी तपासावे. समितीच्या सदस्यांची नावे विचारल्यावर लाईनवरील दहा जणींपैकी एकीलाही सांगता आली नाहीत, तर ती समिती नाहीच असे समजून पुन्हा कामाला लागावे.

सुपरवायझरवर सर्वाधिक वेळ द्यावा

माझ्या अनुभवात समाधानाचा सर्वांत मोठा हिस्सा सुपरवायझरच्या तोंडून ठरतो आणि सर्वांत कमी प्रशिक्षणही त्यालाच मिळते. आयटीआय करून लागलेला, हात चांगला चालणारा ऑपरेटर आठ-दहा वर्षांनी सुपरवायझर होतो. काल ज्यांच्यासोबत डबा खाल्ला त्यांच्याकडून आज टार्गेट काढून घ्यायचे असते आणि ते कसे काढायचे हे त्याला कोणी सांगितलेले नसते. मग आपल्यावर जो ओरडला होता त्याचेच अनुकरण तो करतो. त्याला दोषी ठरवण्यापूर्वी त्याच्यावर काय ओझे आहे हे पाहावे. रिजेक्शन, म्हणजे नापास होणारे तुकडे, वाढले की त्याला सकाळच्या मीटिंगमध्ये सर्वांदेखत बोलणी बसत असतील, तर तो ती खाली पोहोचवणारच. म्हणून पहिली दुरुस्ती वरच्या मीटिंगमध्ये करावी.

त्यानंतर सुपरवायझरना चार सवयी लावाव्यात आणि त्या सांगून न थांबता प्रत्यक्ष करवून घ्याव्यात. पाळीच्या सुरुवातीला पाच मिनिटे उभ्याने बोलावे आणि कालचे उत्पादन, आजचे काम, कोण रजेवर आहे आणि कोणत्या मशीनमध्ये काय अडचण आहे, हे सर्वांना सांगावे. चूक दाखवायची असेल तर माणसाला बाजूला घ्यावे आणि चुकीचा तुकडा हातात धरून त्या तुकड्याबद्दलच बोलावे. घर, गाव, जात आणि जुने प्रसंग त्यात आणू नयेत. चांगले काम झाले तर त्याच दिवशी, काय चांगले झाले ते नेमके सांगून दाद द्यावी. ‘शाब्बास’पेक्षा ‘आजच्या सेटिंगमुळे एकही तुकडा परत आला नाही’ हे वाक्य माणूस घरी जाऊन सांगतो. चौथी सवय रजेच्या चिठ्ठीची. तिच्यावर त्याच दिवशी सही करावी किंवा कारण सांगून नाकारावी. खिशात घालून ‘बघतो’ म्हणू नये.

बोलण्याच्या रीतीविषयीही आग्रह धरावा. वयाने मोठ्या हेल्परला नुसते नावाने हाक मारून अरे-तुरे करणारा तरुण इंजिनिअर स्वतःला मोकळा समजत असतो, पण ज्याची पोरे त्याच्याएवढी आहेत त्या माणसाला ते लागते. ‘काका’, ‘दादा’, ‘ताई’, ‘मावशी’ असे म्हणायला काहीच खर्च येत नाही. हे जपणाऱ्या लाईनवर अडचणीच्या दिवशी माणसे न सांगता थांबतात, असे मी अनेकदा पाहिले आहे.

कामातच काही बदलता येते का ते पाहावे

रिचर्ड हॅकमन आणि ग्रेग ओल्डहॅम यांनी १९७० च्या दशकात कामाची पाच वैशिष्ट्ये मांडली: कौशल्यांची विविधता, पूर्ण काम हातून होण्याची जाणीव, त्या कामाचे महत्त्व, स्वतः निर्णय घेण्याची मोकळीक आणि काम कसे झाले हे कळणे. सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मशीन आणि सायकल टाइम (एक तुकडा बनायला लागणारा वेळ) बदलणे आपल्या हातात नसते, तरी या पाचांपैकी तीन गोष्टींना हात घालता येतो. दर दोन तासांनी किंवा निदान आठवड्याने जागा बदलली, की एकच पेडल दाबून होणारी पाठदुखी कमी होते आणि एकाच्या रजेने लाईनही अडत नाही. तुकडा खराब येतो आहे असे दिसताच मशीन थांबवण्याचा अधिकार ऑपरेटरला द्यावा आणि थांबवल्याबद्दल त्याला कोणी बोलणार नाही, हे पहिल्याच प्रसंगी सर्वांसमोर दाखवून द्यावे. आणि आपण बनवतो तो भाग शेवटी कोणत्या गाडीत, कोठे बसतो, हे त्याला एकदा तरी दाखवावे. चार वर्षे एकच ब्रॅकेट काढणाऱ्या एका मुलाला जोडणी केलेला पूर्ण दरवाजा दाखवला, तेव्हा त्याने वाकून आत हात घातला, आपले ब्रॅकेट बोटांनी चाचपले आणि ‘इथे बसतं होय’ असे म्हणाला. नंतर कडेला ‘बर’, म्हणजे धातूची खरबरीत कड, आलेले तुकडे तो स्वतःच बाजूला काढू लागला.

जागा बदलण्याची पद्धत सर्वांवर एकदम लादू नये. काही जुनी माणसे आपल्या मशीनवर जीव लावून असतात आणि त्यांना ते मशीन काढून घेतल्यासारखे वाटते. त्यांना नव्या मुलांना शिकवण्याचे काम द्यावे आणि त्याचा भत्ता द्यावा.

सहा महिन्यांनी पुन्हा विचारावे

पुढची प्रश्नावली सहा महिन्यांनी काढावी. तिच्यासाठी दिवाळीच्या बोनसचा आठवडा आणि वार्षिक पगारवाढीचे पत्र हाती पडण्याचे दिवस टाळावेत, कारण त्या दिवसांत माणूस सगळ्या प्रश्नांचे उत्तर त्या एकाच गोष्टीवरून देतो. विधाने शक्यतो तीच ठेवावीत, नाहीतर तुलना करता येत नाही. फक्त सर्वांच्या वर एक नवे विधान घालावे: ‘मागच्या वेळी सांगितलेल्या गोष्टींचे काय झाले, हे मला कळले.’ निकाल हाती आले, की आधी या विधानापुढील खुणा विभागवार मोजाव्यात. ज्या विभागात ‘नाही’ जास्त असतील, तेथे बाकीचे आकडे वाचण्यापूर्वी मागच्या वेळी फलकावर लावलेले पान घेऊन जावे, ते त्या माणसांसमोर पुन्हा उघडावे आणि एकेक ओळ वाचत त्यांच्याकडून खूण करून घ्यावी.